ठाण्याच्या दारातलं एक वाक्य

काही महिन्यांपूर्वी एका पोलीस प्रशिक्षण केंद्रातून मला फोन आला. नव्यानं भरती झालेल्या शिपायांसमोर 'संवादकौशल्य' या विषयावर दोन तास बोलायचं होतं. मी म्हटलं, "साहेब, मी कविता लिहितो. मराठी घेऊन बी.ए. झालो, तेवढंच शिक्षण. कायद्यातलं मला काय कळणार?" पलीकडचे अधिकारी हसले. म्हणाले, "कायदा शिकवायला आमच्याकडे माणसं आहेत. तुम्ही फक्त बोलायचं कसं ते सांगा."

मी गेलो. सकाळची कवायत आटोपून, कायद्याचा तास संपवून मुलंमुली बसली होती. आधीच्या तासाचं फळ्यावर तसंच राहिलं होतं : 'अटकेची कारणे सांगणे. नातेवाइकास कळविणे. पंचासमक्ष नोंद करणे.' त्याच्याखाली मी माझा विषय लिहिला आणि क्षणभर थांबलो. फळ्यावर खडूची एक रेघ होती. रेघेच्या वर कायदा, खाली संवाद. पण वरचे शब्द पाहा : सांगणे, कळविणे, नोंद करणे. ही सगळी बोलण्याचीच कामं. मग हे दोन विषय वेगळे कधी झाले? आणि ही वाक्यं कायद्यात आली कुठून? घरी आल्यावर मी वाचायला बसलो. त्या वाचनातून जे हाती लागलं ते आज तुम्हाला सांगणार आहे. पण त्याआधी घरची एक गोष्ट.

मी आठवी-नववीत असेन. आमचं तालुक्याचं गाव. अब्बांचं शिवणकामाचं छोटं दुकान. थोरला भाऊ एका दुकानात हिशेब लिहायचा. त्या दुकानात चोरी झाली आणि एका संध्याकाळी भावाला चौकशीला नेलं. अब्बा बाहेरगावी होते. रात्री आईनं डबा भरला, मला बरोबर घेतलं आणि आम्ही ठाण्यावर गेलो. दारातल्या शिपायानं विचारलंही नाही. म्हणाला, "इथं कुणी नाही. निघा." भावाची सायकल समोरच्या लिंबाला टेकवलेली होती. आई त्या सायकलीकडे बघत तासभर उभी राहिली. तेवढ्यात एक वयस्कर हवालदार चहा प्यायला बाहेर आले. त्यांनी आईकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "मावशी, पोरगं आत आहे. मारलेलं नाही. डबा द्या, मी देतो. सकाळी सोडतील, नाहीतर अकरा वाजता कोर्टात नेतील, तिथं या." आई तिथंच पायरीवर बसली. त्या रात्री ती पहिल्यांदाच बसली होती.

भाऊ सकाळी सुटला. चोर दुसराच निघाला. पुढं आईला त्या ठाण्याचं काही आठवायचं नाही, पण हवालदार आठवायचे. "सच बोले उनो," एवढंच म्हणायची. दोघांच्याही अंगावर तीच खाकी. एकानं 'कुणी नाही' म्हणून आईला रस्त्यावर उभं केलं, दुसऱ्यानं चार-पाच वाक्यांत तिला जमिनीवर आणलं. तेव्हा मला वाटलं, हा स्वभावाचा फरक. आज कळतं, हवालदार जे बोलले ते बोलणं कायद्यानं बंधनकारक व्हायला या देशाला फार वर्षं लागली आणि त्याची किंमत काही आयांनी मोजली.

पोलिसांच्या भाषेवर माझं जुनं प्रेम आहे. फारसी-अरबीतून आलेले इतके शब्द मराठीत दुसऱ्या कुठल्या कचेरीनं क्वचितच जपले असतील. फिर्याद म्हणजे मुळात मदतीसाठी मारलेली हाक. तक्रार म्हणजे पुन्हा पुन्हा सांगणं. कुणी ऐकलं नाही तर माणूस तेच तेच सांगतो, हे त्या शब्दालाच ठाऊक आहे. जबाब म्हणजे उत्तर. म्हणजे आधी कुणीतरी नीट प्रश्न विचारलेला असला पाहिजे. पंचनाम्यात आपला 'पंच' आणि फारसी 'नामा' गुण्यागोविंदानं राहतात. आणि हवालदार? हवाला म्हणजे सोपवणं. आपण म्हणतोच, 'अमक्याच्या हवाली केलं'. ज्याच्या हवाली काही केलं आहे, तो हवालदार. मग ते मुद्देमालातलं सोनं असो की कुणाचा मुलगा. सोपवलेल्या गोष्टीचा हिशेब द्यावा लागतो. पोलिसांची कायदेशीर जबाबदारी म्हणतात ती एवढीच. बाकी सगळा तपशील.

हा हिशेब मागायला कायदाच नसेल तर काय होतं, ते पुण्यानं पाहिलं आहे. घाशीराम सावळदास १७७७पासून पुण्याचा कोतवाल होता. १७९१च्या ऑगस्टअखेर तेलंगी ब्राह्मणांचा एक जथा त्याच्या माणसांनी पकडला आणि लहानशा जागेत कोंडला. सकाळी दार उघडलं तेव्हा त्यातले बरेच जण गुदमरून मेले होते. शहर खवळलं. जमावानं पेशव्यांकडून कोतवालाला मागून घेतलं आणि दगडांनी ठेचून मारलं. आपल्याला हा प्रसंग तेंडुलकरांच्या १९७२च्या नाटकामुळे माहीत आहे. पण नाटक बाजूला ठेवून नुसती घटना पाहा. कोठडीतले मृत्यू, जाब विचारायला एकही लिखित नियम नाही, आणि शेवटी दगड. त्या दगडांना न्याय म्हणता येत नाही. पण ज्या शहराला जाब विचारायची दुसरी वाट नव्हती, त्यानं ती वाट धरली. कायद्यानं जबाबदारी ठरवणं हे नागरिकाइतकंच पोलिसाच्याही हिताचं असतं, हे त्या दगडांतून शिकण्यासारखं आहे.

पुढं इंग्रज आले, पण छळ गेला नाही. १८५५मध्ये मद्रास इलाख्यातल्या छळाची चौकशी करणाऱ्या आयोगाचा अहवाल आला. तिथं महसूल वसूल करणारे आणि पोलीस म्हणून काम करणारे बऱ्याचदा एकच लोक होते. बोटं दाबायचा लाकडी चिमटा, डोळ्यांत मिरचीची पूड, दोरीनं वाकवून बांधून उन्हात ठेवणं, असं सगळं त्या चौकशीत नोंदलं गेलं. उठावानंतर १८६०मध्ये पोलीस आयोग नेमला गेला आणि १८६१चा पोलीस कायदा आला. त्याच वर्षीच्या फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात एक विलक्षण नियम घातला गेला : पोलिसासमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालणार नाही. पुढं १८७२च्या पुरावा कायद्यात हा नियम कलम २५ म्हणून बसला. तो कायदा रचणारा जेम्स फिट्झजेम्स स्टीफन. त्यानं पुढं आपल्या ग्रंथात हिंदुस्थानातल्या एका अनुभवी अधिकाऱ्याचं म्हणणं नोंदवून ठेवलं आहे. त्याचा मथितार्थ असा, की उन्हातान्हात पुरावा शोधत हिंडण्यापेक्षा सावलीत बसून एखाद्या गरिबाच्या डोळ्यांत मिरची चोळणं सोपं असतं. छळामागं क्रौर्य असतंच, पण आळसही असतो, हे त्या अधिकाऱ्यानं ओळखलं होतं.

या नियमाकडे मी भाषेचा माणूस म्हणून बघतो. राज्य आपल्या शिपायाच्या हातात काठी देतं, पण त्याच्या कानावर विश्वास ठेवत नाही. 'त्यानं माझ्यापाशी कबूल केलं' हे त्याचं वाक्य न्यायालयाच्या दाराबाहेरच थांबतं. कबुलीतून एखादी वस्तू सापडली तर तेवढ्यापुरती सवलत, बाकी नाही. दीडशे वर्षांहून जास्त काळ लोटला. १ जुलै २०२४पासून पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला, त्यातही हा नियम कलम २३ म्हणून कायम आहे. प्रशिक्षणाला आलेल्या तरुण मुलांना हा नियम अपमानासारखा वाटतो. एकानं मला विचारलंही, "सर, आमच्यावर एवढा अविश्वास का?" मी म्हटलं, "अविश्वास तुझ्यावर नाही. बंद दारामागं काय होतं हे बाहेरच्याला दिसत नाही, म्हणून दार उघडं ठेवायची ही युक्ती आहे. तू नीट विचारलंस, उन्हात हिंडून पुरावा आणलास, तर तुला कबुलीची गरजच लागणार नाही."

आता प्रशिक्षणाविषयी. लॉर्ड कर्झननं १९०२मध्ये अँड्र्यू फ्रेझरच्या अध्यक्षतेखाली पोलीस आयोग नेमला. आयोगाचा निष्कर्ष फार कडक होता : पोलीस दल कार्यक्षम नाही, प्रशिक्षण अपुरं आहे, लोक त्याला भ्रष्ट आणि जुलमी समजतात, लोकांचा विश्वास त्याला मिळवता आलेला नाही. सरकारनंच नेमलेल्या आयोगानं सरकारच्याच दलाबद्दल असं लिहिलं. त्यानंतर प्रांतोप्रांती प्रशिक्षण शाळा निघाल्या. आपल्याकडची शाळा १९०६मध्ये पुण्याच्या भांबुर्ड्यात सुरू झाली आणि १९०९मध्ये नाशिकला गेली. आजची महाराष्ट्र पोलीस अकादमी ती हीच.

पण त्या आयोगानं एक गोष्ट अशीही केली, जिची सावली अजून हटलेली नाही. शिपायाकडे खालच्या दर्जाची, यांत्रिक कामं द्यावीत. विचार करायचं काम अधिकाऱ्यांचं, असा त्याचा कल होता. म्हणजे कायदा आणि तपास अधिकाऱ्यानं शिकायचा, शिपायानं कवायत. आता मला सांगा, ठाण्याच्या दारात कोण उभं असतं? रात्री दोन वाजता रडत आलेल्या बाईशी पहिलं वाक्य कोण बोलतं? अधीक्षक नव्हे, शिपाई. ज्याला सर्वांत जास्त बोलावं लागतं त्यालाच बोलण्याचं शिक्षण नको, असं ठरवलं गेलं. १९७७मध्ये नेमलेल्या राष्ट्रीय पोलीस आयोगानं या विचारावर बोट ठेवलं. शिपाई हा यंत्र नसून निर्णय घेणारा माणूस आहे असं धरून त्याची भरती आणि शिक्षण व्हावं, असं सुचवलं. त्याच आयोगाचं आणखी एक निरीक्षण पुढं सर्वोच्च न्यायालयानंही उद्धृत केलं : होणाऱ्या अटकांपैकी सुमारे ६० टक्के अटका अनावश्यक किंवा असमर्थनीय असतात.

आपल्या राज्यापुरतं बोलायचं तर १९५१चा मुंबई पोलीस कायदा काढून बघावा. आता त्याला महाराष्ट्र पोलीस कायदा म्हणतात. त्याचं कलम ६६ वाचून मी चकित झालो. जनतेशी वागताना पोलिसाची कर्तव्यं काय, ते त्यात दिलं आहे. रस्त्यावरच्या अपंग, असहाय माणसाला मदत करावी. अटकेतला माणूस जखमी किंवा आजारी असेल तर तातडीनं उपाय करावा. त्याच्या अन्न-निवाऱ्याची सोय करावी. झडती घेताना विनाकारण उद्धटपणा करू नये. बायकामुलांशी वागताना सभ्यता आणि सौम्यपणा पाळावा. उद्धटपणा आणि सौम्यपणा हे शब्द कवितेत, कीर्तनात शोभतील असे. ते कायद्याच्या कलमात बसले आहेत. वर्गात मी हे वाचून दाखवलं तेव्हा मुलं एकमेकांकडे बघायला लागली. त्यांना वाटत होतं, गोड बोलणं ही मर्जीची गोष्ट. ती ड्युटी आहे, आणि १९५१पासून आहे.

अर्थात कागदावर ड्युटी असणं वेगळं आणि तिचा जाब मागता येणं वेगळं. स्वातंत्र्यानंतर पहिली काही दशकं जाब मागणाऱ्याच्या हाती फारसं काही लागत नव्हतं. सप्टेंबर १९४७मध्ये मीरतला पोलिसांनी अमृतसरच्या एका सराफाला अडवलं आणि त्याचं सोनं-चांदी जप्त केलं. चांदी परत मिळाली. सोनं मात्र ठाण्याच्या मालखान्यातून तिथलाच हेडकॉन्स्टेबल घेऊन पाकिस्तानात निघून गेला. सराफ सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडला. १९६४मध्ये 'कस्तुरीलाल' खटल्यात निकाल लागला : पोलिसांचा निष्काळजीपणा खरा, पण जप्ती हे राज्याच्या सार्वभौम अधिकारातलं काम, म्हणून सरकार भरपाई द्यायला बांधील नाही. हवाली केलेलं सोनं गेलं आणि हिशेब कुणीच दिला नाही.

सोन्याचं एक वेळ जाऊ द्या. १९७२च्या मार्चमध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी बलात्कार केल्याचा आरोप झाला. तिचं नाव त्या काळी सगळीकडे छापून आलं. मी घेणार नाही. सत्र न्यायालयानं पोलिसांना सोडलं, नागपूर खंडपीठानं शिक्षा दिली, १९७८मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा सोडलं. तिनं आरडाओरड केली नाही, अंगावर जखमा नाहीत, म्हणजे तिची संमती होती, असा तो तर्क. १९७९मध्ये उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार आणि वसुधा धागमवार या चार कायद्याच्या अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. ठाण्यात, रात्री, खाकी कपड्यातल्या माणसासमोर एका गरीब मुलीच्या गप्प राहण्याचा अर्थ होकार कसा होतो, हाच त्यांचा सवाल होता. देशभर आंदोलन झालं आणि १९८३मध्ये कायदा बदलला. पोलीस कोठडीतला बलात्कार हा वेगळा, अधिक गंभीर गुन्हा ठरला. संबंध झाल्याचं सिद्ध झालं आणि बाईनं संमती नव्हती असं सांगितलं, तर न्यायालयानं ती नव्हती असंच धरून चालायचं, असंही ठरलं. गप्प राहण्याचा अर्थ कायद्यानं नव्यानं शिकला. त्याच १९८३मध्ये पत्रकार शीला बर्से यांच्या पत्रावर निकाल आला. मुंबईच्या तुरुंगात त्या १५ बायकांशी बोलल्या होत्या. पाच जणींनी कोठडीत मारहाण झाल्याचं सांगितलं होतं. बायकांच्या कोठडीवर महिला शिपाई असाव्यात, अटक केलेल्याला कारण आणि जामिनाचा हक्क सांगावा, नातेवाइकाला कळवावं, असे आदेश न्यायालयानं दिले. ध्यानात घ्या, महाराष्ट्रातून निघालेला हा आदेश होता. माझी आई ठाण्यासमोर उभी होती ती याच सुमाराला. आदेश दिल्लीहून निघाला होता; आमच्या लिंबाखाली पोहोचायचा होता.

आणि मग ओडिशातली एक आई. १ डिसेंबर १९८७. तिच्या २२ वर्षांच्या मुलाला चोरीच्या तपासासाठी जराईकेला चौकीत नेलं. रात्री घरच्यांनी जेवण नेऊन दिलं. दुसऱ्या दिवशी रेल्वेरुळावर त्याचं प्रेत सापडलं. पोलीस म्हणाले, रात्री पळाला आणि गाडीखाली आला. वैद्यकीय पुरावा म्हणाला, या जखमा गाडीच्या नाहीत, मारहाणीच्या आहेत. त्या आईनं, नीलबती बेहेरा यांनी, सर्वोच्च न्यायालयाला एक पत्र लिहिलं. ते पत्रच याचिका मानलं गेलं. १९९३मध्ये न्यायालयानं सांगितलं, की जगण्याचा मूलभूत हक्क मोडला तर राज्याला सार्वभौम अधिकाराची ढाल पुढं करता येणार नाही. सरकारनं दीड लाख रुपये भरपाई द्यावी. सराफाच्या वेळी बंद झालेलं दार एका आईच्या पत्रानं उघडलं. डबा तिनंही नेला होता, माझ्या आईनंही नेला होता. माझा भाऊ सकाळी घरी आला, एवढाच फरक. हा निकाल वाचताना मी दोनदा पुस्तक मिटलं.

त्या खंडपीठावरचे एक न्यायमूर्ती ए. एस. आनंद यांनीच पुढं १८ डिसेंबर १९९६चा 'डी. के. बसू' निकाल लिहिला. तो खटलाही पश्चिम बंगालच्या एका कायदेमदत संस्थेच्या प्रमुखांनी लिहिलेल्या पत्रातूनच उभा राहिला. अटक करताना पाळायच्या अकरा गोष्टी त्यात सांगितल्या आहेत. प्रशिक्षणातल्या मुलांना त्या पाठ असतात. पण त्यांतल्या बहुतेक बोलण्याच्या आणि लिहिण्याच्या आहेत हे मी त्यांना दाखवून दिलं. छातीवर नाव स्पष्ट दिसेल अशी पट्टी लावा, म्हणजे आपण कोण ते सांगा. अटकेचा कागद तिथंच तयार करा, साक्षीदाराची आणि त्या माणसाची सही घ्या. त्याच्या माणसाला कळवा. कळवायचा हक्क आहे हेही त्याला सांगा. कुणाला कळवलं ते डायरीत लिहा. वैद्यकीय तपासणी करा. वकिलाला भेटू द्या. हे पाळलं नाही तर खात्याची कारवाई आणि शिवाय न्यायालयाचा अवमान. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या २००८च्या दुरुस्तीनं यातला महत्त्वाचा भाग कायद्यातच आला आणि आजच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तो आहे. 'पोरगं आत आहे, सकाळी कोर्टात नेतील,' हे हवालदारांचं वाक्य असं कायद्याचं वाक्य झालं.

सांगायचं, पण कोणत्या भाषेत? हाही प्रश्न महाराष्ट्रातूनच न्यायालयात गेला होता. नागपूरकडच्या एका माणसाला स्थानबद्ध केलं आणि कारणांचा कागद इंग्रजीत दिला. त्यानं हिंदीत मागितला. सरकारचं म्हणणं, आमच्या अधिकाऱ्यानं तोंडी समजावून सांगितलं होतं. १९६२मध्ये 'हरिकिसन' खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हे मान्य केलं नाही आणि त्याची सुटका केली. ज्याला समजत नाही त्याला सांगितलं असं होतच नाही. मुंबईतल्याच एका खटल्यातून निघालेल्या नोव्हेंबर २०२५च्या निकालात तर न्यायालयानं आता कुठल्याही गुन्ह्यातली अटक असो, कारणं लेखी आणि त्या माणसाला समजेल अशा भाषेत दिली पाहिजेत, असं ठरवलं आहे. साठ वर्षांत तोच विचार घट्ट होत आला. गडचिरोलीतल्या माडिया बोलणाऱ्याला, ऊसतोडीच्या फडावरच्या पारध्याला, मुंबईत कामाला आलेल्या बिहारी पोराला कोणत्या भाषेत सांगणार? त्याचं उत्तर प्रशिक्षणातच शोधायला हवं.

ऐकून घेण्याचंही तसंच. फिर्याद लिहून घ्यायची, फिर्यादीला वाचून दाखवायची, तिची प्रत फुकट द्यायची, हा नियम जुनाच आहे. पण 'उद्या या', 'साहेब नाहीत', 'हद्द आमची नाही' ही तीन वाक्यं त्या नियमाहून बलवान होती. २०१३च्या 'ललिता कुमारी' निकालानं दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली तर नोंद सक्तीची केली. त्याच वर्षी स्त्रियांवरच्या काही गंभीर गुन्ह्यांची नोंद टाळणाऱ्या पोलिसाला तुरुंगवासाची तरतूद झाली. हद्द कुणाचीही असो, नोंद करायची, हे आता संहितेतच लिहिलं आहे. आणि डिसेंबर २०२०मध्ये न्यायालयानं प्रत्येक ठाण्यात कॅमेरे लावायला सांगितलं, तेव्हा नुसतं चित्र नव्हे, आवाजही नोंदला गेला पाहिजे असं बजावलं. म्हणजे शब्दसुद्धा पुरावा.

हे सगळं मी माझ्या परीनं सांगितलं. शेवटी प्रश्न विचारा म्हटलं तर मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. म्हणाली, "सर, लोकांशी नीट बोला हे पटलं. चुकलं तर कायदा आम्हालाच धरणार, हेही कळलं. पण आमच्याशी कोण नीट बोलतं? बारा-बारा तास बंदोबस्त असतो, तेव्हा आम्हाला कुणी बसा म्हणतं का?" वर्ग हसला आणि लगेच गप्प झाला. शेजारी बसलेले निरीक्षक खाली बघत राहिले. मला उत्तर सुचलं नाही. फ्रेझर आयोगापासूनचा शंभर वर्षांचा इतिहास मी सांगितला होता, आणि तो या मुलीच्या एका प्रश्नात मावत होता. ज्याला यंत्र समजून वागवलं, त्याच्याकडून माणुसकीचं वाक्य मागायचं, हा अन्याय आहे. तरीही ते वाक्य मागावंच लागतं, कारण दारात उभी असलेली बाई त्या अन्यायाला जबाबदार नसते. एवढंच मी तिला म्हणालो. तिचं समाधान झालं असेल असं वाटत नाही.

मग मी प्रत्येकाला एक चिठ्ठी दिली. "रात्रीची वेळ. मुलाला चौकशीला आणलं आहे. आई डबा घेऊन दारात उभी आहे. तुमचं पहिलं वाक्य लिहा." चिठ्ठ्या गोळा केल्या. बहुतेकांनी लिहिलं होतं : 'काळजी करू नका.' वाक्य चांगलं आहे, पण त्यात माहिती काहीच नाही. मुलगा कुठं आहे, का आणलंय, कधी सुटेल, यातलं काहीच नाही. कायदा दिलासा मागत नाही, माहिती मागतो. आणि खरं तर आईलाही माहितीतूनच दिलासा मिळतो. एका चिठ्ठीवर मात्र लिहिलं होतं : 'मावशी, आधी बसा. मुलाचं नाव सांगा, मी आत बघून येते.' अक्षर त्या मागच्या बाकावरच्या मुलीचं होतं.

घरी आल्यावर ती चिठ्ठी मी भावाला वाचून दाखवली. त्या रात्रीबद्दल तो इतक्या वर्षांत कधी बोललेला नाही. त्यानं चिठ्ठी हातात घेतली, चष्मा लावून पुन्हा वाचली आणि विचारलं, "पास झाली का रे ही पोरगी?"

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)